एकाच टॉवरमध्ये सल्फर डायऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड, दोन्ही अमोनियाने पकडता येतील का?

प्रश्न: आमच्या रबाळ्याच्या कारखान्यातला बॉयलर फर्नेस ऑइलवर चालतो. तासाला साधारण एक टन तेल जळतं, तेलात गंधक ३ टक्क्यांच्या आसपास. सल्फर डायऑक्साइड कमी करायचाच आहे. पण मालकांच्या कानावर आलंय की अमोनियाच्या पाण्याने फ्लू गॅस (बॉयलरमधून चिमणीकडे जाणारा धूर) धुतला की कार्बन डायऑक्साइडही त्याच टॉवरमध्ये पकडला जातो आणि दोन्हींचं खत होऊन विकलं जातं. हे खरं आहे का? आम्ही करावं का?

उत्तर: सल्फर डायऑक्साइडपुरतं खरं आहे, आणि नीट चालवलं तर चांगलं आहे. कार्बन डायऑक्साइडचं रसायनशास्त्र खरं असलं तरी तुमच्या बॉयलरवर त्याचा हिशेब बसत नाही. दोन्ही वायू एकाच टॉवरमध्ये, एकाच पाण्याने, ही कल्पना तर सोडूनच द्या. कारणं सविस्तर लिहितो, कारण मालकांसमोर तुम्हाला आकडे ठेवावे लागतील.

आधी तुमच्याच तेलाचा हिशेब. टनभर तेलात ३ टक्के म्हणजे ३० किलो गंधक. गंधकाच्या दुप्पट वजनाचा सल्फर डायऑक्साइड होतो, म्हणजे तासाला ६० किलो. त्याचं अमोनियम सल्फेट करायला प्रत्येक किलोला ०.५३ किलो अमोनिया लागतो, म्हणजे तासाला ३२ किलो. हातात येतं सुमारे १२४ किलो अमोनियम सल्फेट. हे आकडे आटोक्यातले आहेत. २५ टक्क्यांचा लिकर अमोनिया (पाण्यात विरघळवलेला अमोनिया) वापरला तर दिवसाला तीन टनांच्या आसपास, म्हणजे तीन-चार दिवसांनी एक टँकर.

आता कार्बन डायऑक्साइड. फर्नेस ऑइलमध्ये कार्बन ८६ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे त्याच टनभर तेलातून ३,१५० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तो अमोनियम बायकार्बोनेट म्हणून पकडायचा तर किलोमागे ०.३९ किलो अमोनिया, म्हणजे तासाला बाराशे किलोंहून जास्त. जेवढं तेल जाळताय त्याहून जास्त अमोनिया विकत आणायचा, आणि तासाला साडेपाच टनांच्या वर बायकार्बोनेट कुठंतरी ठेवायचं. चिमणीतल्या वायूत सल्फर डायऑक्साइड दीड हजार पीपीएमच्या आसपास असतो आणि कार्बन डायऑक्साइड १२ टक्क्यांच्या आसपास. दोघांच्या रेणूंच्या संख्येत पंचाहत्तर पटींचा फरक आहे. मालकांच्या कानावर आलेल्या गोष्टीत हा फरक सांगितलेला नसणार.

पण प्रश्न नुसत्या प्रमाणाचा नाही. अमोनियाची कुठलीही योजना समोर आली की मी एकच गोष्ट आधी विचारतो: टॉवरमध्ये टाकलेला प्रत्येक किलो अमोनिया शेवटी कुठे जातो? तो शेतात नायट्रोजन म्हणून पोचला किंवा फिरून टॉवरमध्ये परत आला तरच योजना खरी. तो हवेत किंवा नाल्यात गेला तर आपण एक प्रदूषण देऊन दुसरं विकत घेतलं.

याचं कारण अमोनिया जिथून येतो तिथं आहे. आपल्याकडे तो बहुतांशी नैसर्गिक वायूपासून बनतो आणि टनभर अमोनिया बनवताना सुमारे पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. कोळशापासून बनवला तर त्याहून बराच जास्त. म्हणजे तुमचा ३,१५० किलो कार्बन डायऑक्साइड पकडायला जो बाराशे किलो अमोनिया लागेल, त्याने कारखान्यात शिरण्याआधीच दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या कुणाच्या तरी चिमणीतून सोडलेला असतो. एवढं करून बायकार्बोनेट टिकतंय का? तेही नाही. ते चाळीस अंशांच्या आसपासच फुटू लागतं, आणि ओलाव्यात आणखी लवकर. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात ठेवलेल्या बायकार्बोनेटच्या पोत्यांमधून अमोनिया, पाण्याची वाफ आणि ज्याला पकडलं तो कार्बन डायऑक्साइड असे तिघेही निघून जातात. चीनमध्ये काही दशकं अमोनियम बायकार्बोनेट खत म्हणून मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं, आणि साठवणुकीत व शेतात नायट्रोजन उडून जाण्याची तक्रार तिथेही होतीच. समजा पोतं शेतापर्यंत अखंड पोचलं, तरी मातीत पिकाला लागतो तो नायट्रोजन. कार्बन डायऑक्साइड बहुतेक परत हवेतच जातो.

इथं कुणीतरी युरियाचं उदाहरण देईल. ट्रॉम्बे आणि थळला आरसीएफ (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स) अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासूनच युरिया बनवते, मग आपण का नाही? त्या कारखान्यांत कार्बन डायऑक्साइड मुख्यतः अमोनिया बनवतानाच शुद्ध स्वरूपात मिळतो, तो चिमणीतून गाळावा लागत नाही. आणि युरिया शेतात पडला की काही दिवसांत फुटतो व तो वायू हवेत परत जातो. युरिया हे खत म्हणून मोलाचं आहे. कार्बन साठवण्याची जागा म्हणून त्याकडे पाहू नये.

आणि हिरव्या हायड्रोजनपासून बनलेला अमोनिया आणला तर? अमोनिया बनवताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आक्षेप जातो, बायकार्बोनेट न टिकण्याचा तसाच राहतो. शिवाय बाराशे किलो अमोनियात स्वतःची उष्णता टनभर फर्नेस ऑइलच्या निम्म्याहून जास्त आहे. एवढा स्वच्छ अमोनिया कुणाच्या हाती असेल तर धूर धुण्यात तो घालवण्यापेक्षा इंधन म्हणून जाळण्याचा विचार त्याने आधी करावा.

अमोनियाने कार्बन डायऑक्साइड पकडण्याचा शहाणा मार्ग म्हणजे अमोनिया फिरता ठेवणे. ही युक्ती जुनी आहे. सोल्व्हे यांच्या सोडा अॅश (सोडियम कार्बोनेट) बनवण्याच्या पद्धतीत १८६० च्या दशकापासून अमोनिया हेच काम करतो. मिठाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड ओढून आणतो, सोडियम बायकार्बोनेट खाली बसवतो, आणि मग चुन्याच्या मदतीने अमोनिया सोडवून परत वापरला जातो. वीजकेंद्रांसाठी अल्स्टॉम कंपनीने थंड अमोनियाची पद्धत विकसित केली. फ्लू गॅस २० अंशांच्या खाली आणायचा, अमोनियम कार्बोनेटच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड शोषायचा, मग तेच द्रावण दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापवून शुद्ध कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा आणि अमोनिया परत फिरवायचा. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या माउंटेनियर वीजकेंद्रावर २० मेगावॉटइतक्या धुरावर हे २००९ ते २०११ चाललं, पकडलेला वायू खोल खडकांत सोडलाही गेला. पुढच्या मोठ्या टप्प्याचा खर्च कोण भरणार याचं उत्तर न मिळाल्याने काम थांबलं. नॉर्वेत मोंगस्टाडच्या चाचणी केंद्रातही या पद्धतीचं युनिट उभं राहिलं.

या पद्धतीचे गुण खरे आहेत. कार्बन डायऑक्साइड पकडायला एरवी वापरतात ती अमाइन (अमोनियाच्या जातीची सेंद्रिय रसायनं) ऑक्सिजनने खराब होतात, अमोनिया होत नाही, आणि द्रावणातून वायू सोडवायला उष्णता कमी लागते. पण वाचलेली उष्णता थंड करण्यात खर्च होते, आणि इथंच नवी मुंबईचं हवामान आडवं येतं. नॉर्वेत समुद्राचं पाणीच थंड मिळतं. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर कूलिंग टॉवरचं पाणी ३० अंशांच्या खाली यायला तयार नसतं. म्हणजे वर्षभर चिलर चालवायचे. त्यात द्रावण जास्त थंड झालं की बायकार्बोनेटचे खडे धरतात आणि एक्स्चेंजर तुंबतात. शिवाय शुद्ध कार्बन डायऑक्साइड हाती आला तर तो देणार कुणाला? तुमच्या आवाराला लागून तो जिरवणारा खड्डा नाही.

भारतात फ्लू गॅसमधून कार्बन डायऑक्साइड पकडून वापरण्याची जी ठळक उदाहरणं आहेत ती अमाइन जातीच्या द्रावणांची आहेत. इफ्कोच्या आंवला आणि फुलपूर इथे दिवसाला ४५० टनांची युनिट्स बसली, कारण तो वायू लगेच युरियात लागतो. तुतिकोरिनला कोळशाच्या बॉयलरच्या धुरातून वर्षाला ६० हजार टनांच्या क्षमतेचं युनिट २०१६ मध्ये सुरू झालं, तिथं त्याचा सोडा अॅश होतो. दोन्ही ठिकाणी गिऱ्हाईक कुंपणाच्या आतच आहे. तुमच्याकडे तसं गिऱ्हाईक नाही, आणि अमाइनने ९० टक्के वायू पकडायचा म्हटलं तर तुमच्या बॉयलरच्या वाफेतला पाव ते तिसरा हिस्सा त्यातच जाईल. म्हणून कार्बनचा भाग इथं थांबवतो. मालकांना कार्बन कमी करायचाच असेल तर त्याचं उत्तर शेवटी देतो.

आता सल्फर डायऑक्साइड. इथं अमोनिया खरोखर उपयोगी पडतो, आणि चुकलं तर त्रासही तोच देतो.

सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळला की बऱ्यापैकी तीव्र आम्ल होतं. त्याला पकडायला पीएच साडेपाच ते साडेसहा पुरतो. त्या पीएचला कार्बन डायऑक्साइड टॉवरमधून तसाच निघून जातो. कार्बन डायऑक्साइड पकडायचा तर पीएच ९ च्या वर न्यावा लागतो. आणि अमोनियाचा स्वभाव असा की २५ अंशांना पीएच ६ असताना द्रावणातल्या एकूण अमोनियापैकी साधारण दोन हजारांत एक भागच मोकळा असतो, बाकी सगळा मिठात बांधलेला. पीएच साडेनऊ केला की निम्म्याहून जास्त मोकळा होतो. आणि मोकळा अमोनिया म्हणजे चिमणीकडे निघालेला अमोनिया. एकाच टॉवरमध्ये दोन्ही पकडणं का जमत नाही, त्याचं मूळ इथं आहे. ज्यांनी दोन्ही केलं त्यांनी आधी सल्फर जवळजवळ संपवला, मग वेगळ्या टॉवरमध्ये कार्बनला हात घातला. सल्फर मागे राहिला तर तो कार्बनच्या टॉवरमधला अमोनिया कायमचा बांधून ठेवतो आणि तेवढा अमोनिया फिरण्यातून बाद होतो.

टॉवरमध्ये प्रत्यक्ष काम करतं ते अमोनियम सल्फाइट. ते सल्फर डायऑक्साइड घेऊन बायसल्फाइट होतं, आपण अमोनिया घालतो तो या बायसल्फाइटला परत सल्फाइट करायला. म्हणून अमोनिया टाकीत, द्रावणात घालायचा. फ्लू गॅसच्या डक्टमध्ये अमोनियाचा फवारा मारणारी डिझाइन्स कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. वायूतच अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि वाफ भेटले की मायक्रॉनहून बारीक कण तयार होतात. साधा डिमिस्टर (वायूतले थेंब अडवणारी जाळी) ते अडवत नाही, आणि चिमणीवर निळसर पांढरा पट्टा तयार होतो जो वाफेसारखा विरत नाही. वाफेचा पांढरा धूर थोड्या अंतरावर नाहीसा होतो. हा लांबपर्यंत तसाच राहतो. अशी चिमणी ओळखायची ही सोपी खूण.

फर्नेस ऑइलमध्ये या बाबतीत आणखी एक अडचण असते, जी कोळशावर काम केलेल्या माणसाला सहसा सुचत नाही. तेलात वनेडियम असतं. ते बॉयलरच्या नळ्यांवर बसतं आणि थोड्या सल्फर डायऑक्साइडचं सल्फर ट्रायऑक्साइड करतं. हा ट्रायऑक्साइड टॉवरच्या तोंडाशी गार झाला की सल्फ्युरिक आम्लाचं धुकं होतं, त्याचे कण इतके बारीक की टॉवरमधल्या पॅकिंगमधून (वायू आणि पाणी भेटवणाऱ्या भरावातून) सरळ पार होतात. त्यावर थोडा अमोनिया बसला की पुन्हा तोच पट्टा. म्हणून तेलाच्या बॉयलरवर अमोनियाचा स्क्रबर (धूर धुण्याचा टॉवर) बसवायचा असेल तर वरच्या बाजूला पाण्याने धुण्याची वेगळी पायरी आणि त्यानंतर ओला इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर (विजेच्या भाराने बारीक कण ओढून घेणारं यंत्र) किंवा तितकाच चांगला बारीक डिमिस्टर हवाच. कोटेशनमध्ये पैसे कमी करताना पहिली कात्री नेमकी इथं लागते. लागू देऊ नका.

चालवण्यात सगळ्यात जास्त लक्ष ऑपरेटरच्या हाताकडे द्या. या पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी पाहिलं की चिमणीवरचा मीटर वर गेला की रात्रपाळीचा माणूस अमोनियाचा व्हॉल्व्ह आणखी उघडायचा. सल्फरचं रीडिंग खाली यायचं, मीटर खूश. पण अमोनिया मोजणारं यंत्रच नव्हतं. पहाटे कोपरखैरण्यातून वासाचे फोन येऊ लागले. आपल्याकडे दिवसा वारा खाडीकडून पारसिकच्या डोंगराकडे वाहतो, रात्री उलटा फिरून मंदपणे खाडीकडे येतो, आणि घणसोली, कोपरखैरणे, वाशी हे सगळं एमआयडीसी आणि खाडीच्या मध्येच वसलेलं आहे. हिवाळ्यात रात्रीची हवा जड होऊन खाली बसते तेव्हा चिमणीतून निघालेलं वर जातच नाही. त्यामुळे अमोनियाचा स्लिप, म्हणजे चिमणीतून निसटणारा अमोनिया, मोजणारा अॅनालायझर लावल्याशिवाय टॉवर सुरू करू नका, आणि अमोनियाचं डोसिंग चिमणीच्या रीडिंगवर नाही, टाकीच्या पीएचवर बांधा. टॉवरचं तापमानही बघा. वर मी २५ अंशांचं गणित दिलं. प्रत्यक्षात टॉवर ५०-५५ अंशांवर चालतो आणि तिथं मोकळ्या अमोनियाचा वाटा पाच-सहा पट होतो. बॉयलरमधून येणारा वायू आधी नीट गार करणं हा म्हणूनच डिझाइनचा अर्धा भाग आहे.

दुसरी जागा जिथं प्रकल्प फसतात ती म्हणजे ऑक्सिडेशन. सल्फाइटचं सल्फेट व्हायला टाकीत हवा फुंकावी लागते. द्रावण जितकं दाट तितकं हे काम मंदावतं, म्हणून आधी पातळ द्रावणात ऑक्सिडेशन पूर्ण करायचं आणि मग दाट करायचं. उलट क्रम ठेवला तर अर्धवट सल्फाइट पुढं जातं, तापल्यावर फुटतं, आणि मेहनतीने पकडलेला सल्फर डायऑक्साइड व अमोनिया ड्रायरच्या चिमणीतून निघून जातात. प्रयोगशाळेत रोज आयोडीनचं टायट्रेशन करा. शिल्लक सल्फाइट एक टक्क्याच्या आत आलं नसेल तर माल क्रिस्टलायझरकडे (खडे पाडणाऱ्या यंत्राकडे) सोडू नका. ब्लोअरची वीज वाचवण्यासाठी हा नियम मोडला जातो, आणि पंधरा दिवसांत सगळ्या प्लांटला वास येतो.

दाट करण्यासाठी मात्र वेगळी वाफ लागेलच असं नाही. बॉयलरमधून येणारा गरम वायू टॉवरच्या पहिल्या भागात याच द्रावणाने गार केला तर पाणी तिथंच उडतं आणि द्रावण ४० टक्क्यांच्या वर जाऊन खडे धरू लागतं. ही उष्णता नाहीतरी वायाच जाणार असते. या पद्धतीचा मला सर्वात आवडणारा भाग हाच आहे. फक्त तेलाची काजळी द्रावणात साचते आणि खत काळपट होतं, त्यावर वनेडियम आणि निकेलची शंका राहते. म्हणून फिल्टर हवा, आणि प्रत्येक लॉटची जड धातूंची तपासणी हवी. शेतात जाणाऱ्या मालाबाबत यात सूट नाही.

खत म्हणून विकायचं तर खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो. नायट्रोजन साडेवीस टक्क्यांच्या वर, ओलावा एक टक्क्याच्या आत, परवानगी वेगळी. ओलाव्याचा आकडा आपल्याकडे कठीण आहे, कारण हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास गेली की अमोनियम सल्फेट पाणी ओढायला लागतं, आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत रबाळ्यात त्याच्या वरच असते. खरिपाच्या मागणीच्या काळातच माल पोत्यात दगड होतो. बंद, कोरडं गोदाम आणि आतून प्लास्टिकचं अस्तर असलेली पोती धरून चला, किंवा सरळ ४० टक्क्यांचं द्रावण एखाद्या खत मिश्रण करणाऱ्याला टँकरने द्या. लहान प्लांटला मी दुसरा मार्ग सुचवतो.

भावाबाबत मालकांच्या अपेक्षा आधीच जमिनीवर आणा. शेतकऱ्याला युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे नायट्रोजन किलोला तेरा रुपयांच्या आत. नुसत्या नायट्रोजनवर तुमचं खत त्याच्यापुढं उभं राहणार नाही. त्याची किंमत आहे ती २३-२४ टक्के गंधकामुळे. नाशिक, जुन्नरच्या कांद्याला, तेलबियांना गंधक हवं असतं आणि देशावरच्या चुनखडीच्या, अल्कधर्मी काळ्या जमिनींना हे आम्लधर्मी खत मानवतं. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनी मुळातच आंबट आहेत. तिथं हे वर्षानुवर्षं टाकत राहिलं तर जमीन आणखी आंबट होते. गिऱ्हाईक घाटावर शोधा. आणि हे पक्कं समजून घ्या की खत खरंच शेतात गेलं तरच अमोनिया बनवताना निघालेला कार्बन डायऑक्साइड कुणाच्या तरी कामी आला. चुनखडीच्या स्क्रबरमध्ये किलो सल्फर डायऑक्साइडमागे ०.६९ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. अमोनियाच्या बाबतीत, तो बनवतानाचा धरला तर जवळपास एक किलो. खत पडून राहिलं तर चुनखडी बरी होती असं म्हणावं लागेल.

नाल्याचं तर नावही काढू नका. ४० टक्क्यांच्या मदर लिकरच्या (खडे काढल्यावर उरणाऱ्या द्रावणाच्या) एका लिटरमध्ये शंभर ग्रॅमच्या वर नायट्रोजन असतो. अमोनियाकल नायट्रोजनची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम धरली तर तेवढं एक लिटर दोन हजार लिटर पाण्याची मर्यादा संपवतं. सीईटीपीच्या (एमआयडीसीच्या सामायिक सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) जिवाणूंना हा धक्का झेपत नाही, आणि पुढं ठाण्याची खाडी आहे, जी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर पाणथळ आहे. पंपाच्या सीलमधली गळती, फरशी धुतलेलं पाणी, सगळं एका पिटमध्ये गोळा होऊन टॉवरमध्येच परत गेलं पाहिजे. डिझाइनच्या पहिल्या कागदावर हे लिहून घ्या, नंतर जमत नाही.

साठवणुकीबद्दल माझं मत ठाम आहे. तुमच्या आकाराला निर्जल (पाणी नसलेल्या, दाबाखालच्या द्रव) अमोनियाची टाकी नको. तो थोडा स्वस्त पडतो, त्यासाठी पेसोची (स्फोटक व दाबाखालच्या वायूंवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेची) परवानगीही मिळेल, पण द्रव अमोनिया सांडला की साडेआठशे पटींच्या घरात वायू होतो, आणि एरवी हवेहून हलका असला तरी असा थंड ढग आपल्या दमट हवेत जमिनीलगत सरकतो. ३०० पीपीएमला जिवाला धोका सुरू होतो. कुंपणापलीकडे वस्ती असताना हा धोका कशाला? २०-२५ टक्क्यांचा लिकर अमोनिया घ्या. टाकीभोवती बंड (गळती अडवणारी भिंत), शॉवर, वाऱ्याची दिशा दाखवणारं कापड, टँकर रिकामा करताना दोन माणसं. आणि पितळ किंवा तांब्याची एकही वस्तू त्या लाइनवर नको, प्रेशर गेजच्या आतली नळीसुद्धा. अमोनिया पितळेला आतून तडे पाडतो आणि ते बाहेरून दिसत नाहीत. टॉवरसाठी एफआरपी (काचतंतूंचं प्लास्टिक) चालतं, पंपांना आणि जिथं खडे घासतात तिथं ड्युप्लेक्स स्टील घ्या. साध्या ३१६ स्टेनलेस स्टीलवर क्लोराइड साचल्यावर भरवसा ठेवू नका.

तुम्ही कॉस्टिकच्या स्क्रबरशी तुलना विचाराल. यंत्र सोपं, वास नाही, रात्रपाळीला झेपतं. पण तासाला ७५ किलो कॉस्टिक आणि १३० किलोंच्या वर सोडियम सल्फेट पाण्यात, आणि ते पाणी घ्यायला कुणी तयार नसतं. चुन्याचा गाळ वेगळा प्रश्न. ट्रॉम्बेच्या आणि डहाणूच्या वीजकेंद्रांसारखं समुद्राच्या पाण्याने धुणं तुम्हाला उपलब्ध नाही. या सगळ्यांत, गिऱ्हाईक पक्कं असेल तर अमोनिया सरस आहे. अमेरिकेत नॉर्थ डकोटातला ग्रेट प्लेन्स सिनफ्युएल्सचा कारखाना १९९० च्या दशकापासून हेच करून अमोनियम सल्फेट विकतो. पण त्यांच्याकडे अमोनिया स्वतःच्याच आवारात बनतो आणि भोवताली शेतीच आहे.

आणि आता मालकांच्या कार्बनच्या प्रश्नाचं उत्तर. रबाळ्यात पाइपचा गॅस मिळत असेल तर बर्नर बदलून तेल बंद करा. तेवढ्याच उष्णतेला नैसर्गिक वायूतून कार्बन डायऑक्साइड पाव हिश्श्याहून थोडा जास्त कमी निघतो आणि सल्फर डायऑक्साइडचा प्रश्नच जवळपास उरत नाही. टॉवर नको, अमोनिया नको, खताचा परवाना नको. इंधनाचा खर्च वाढेल. तो आकडा टॉवरची किंमत, लिकर अमोनियाचं वर्षाचं बिल, ब्लोअर आणि पंपांची वीज आणि तीन पाळ्यांची माणसं यांच्या बेरजेशेजारी ठेवून पाहा. तुमच्या आकाराच्या बॉयलरसाठी मी बहुतेकांना हेच सांगतो. जिथं गंधकाचं इंधन सोडताच येत नाही, किंवा प्रक्रियेतूनच सल्फर डायऑक्साइड येतो, अशा ठिकाणी अमोनियाचा टॉवर मी मनापासून सुचवतो.

तरीही तेलावरच राहायचं ठरलं तर ऑर्डर देण्याआधी चार कागद जमवा. पूर्ण लोडवर चिमणीचं मोजमाप, त्यात सल्फर ट्रायऑक्साइड आणि काजळी वेगळी मोजलेली. तेलाच्या गंधकाचा आणि वनेडियमचा वर्षभरातला रिपोर्ट. मेकअप पाण्यातलं (उडालेल्या पाण्याची भर घालणाऱ्या पाण्यातलं) क्लोराइड. आणि अमोनियम सल्फेट किंवा त्याचं द्रावण घेणाऱ्याचं लेखी पत्र, ज्यात पावसाळ्याच्या महिन्यांचा उचल ठरलेला असेल. पहिले तीन कागद मिळाले की टॉवरचा व्यास, वॉशची पायरी आणि धातू ठरवता येतील. चौथा मिळाला नाही तर पहिल्या तिघांवर खर्च करू नका.